बिनसुरीचा ओटा

२ मार्च, सोमवार

आज पोरीकडे, चिमीकडे, राहायला आलो. खुब्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात दोन महिने जिना चढायचा नाही, आणि माझी खोली चौथ्या मजल्यावर. पोरीचं घर तळमजल्यावर आहे. तरी फोनवर म्हणते कशी, "बाबा, दुसरीकडे कुठे सोय होत असेल तर बघा ना." ऐकून डोक्यात तिडीकच गेली. एकुलती एक मुलगी, आई जाऊन सहा वर्षं झाली, आणि बापाला म्हणते दुसरीकडे बघा! जावईबुवांना कळलं तेव्हा ते स्वतः गाडी घेऊन आले. माझी बॅग उचलली, मला धरून चार जिने उतरवले. शाळेत गणित शिकवतात. आवाज इतका मऊ की आपल्याला कान पुढे करावा लागतो.

संध्याकाळी स्वयंपाकघर पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसलो. मी चौतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनचा मुख्य आचारी. एका पाळीला नऊशे माणसं जेवायची, सगळे मला वस्ताद म्हणायचे. आणि माझ्या पोरीच्या घरात सुरी नाही! एकसुद्धा नाही. विळी नाही, किसणी नाही, सोलाणं नाही. ओटा कसा, नुकत्याच रिकाम्या केलेल्या घरातला असावा तसा. फ्रीजर मात्र दार लागेना इतका भरलेला. कापलेली फरसबी, कापलेलं गाजर, मटार, मासळीचे तुकडे, तळून गोठवलेले बटाटे. आणि कापलेला कांदा, पाकिटात! ज्याला कांदा कापायचा कंटाळा, त्याने जेवूच नये.

चिमीने पाकीट दाताने फोडलं. पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करणारी बाई, आणि घरात कात्रीही नाही. सगळं मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं, प्लास्टिकच्या ताटल्यांत वाढलं. काचेचं किंवा चिनी मातीचं एकही भांडं दिसलं नाही. मी म्हटलं, "अगं, हे काय लहान मुलांचं भातुकलीचं घर आहे का?"

"सोपं पडतं, बाबा," म्हणाली.

मासळी तोंडात भुशासारखी झाली. निम्मी तशीच ठेवली.

४ मार्च, बुधवार

दोन दिवस नुसतं बसून पाकिटांचा अभ्यास केला. माणसाने न्याय करावा. मटार एक वेळ माफ, रंग राहतो, दाणा फुटत नाही. फरसबी पाणचट. गाजराचा लगदा होतो. बटाटे वरून करकरीत आणि आत पिठूळ. कांद्याबद्दल मी बोलणार नाही, बोललो तर शिव्या येतील. रोजच्या जेवणाला हा माल विकत घेणं म्हणजे निव्वळ आळस आहे, दुसरं काही नाही.

हे मी जेवताना मोठ्याने म्हटलं. जावईबुवा हसले. म्हणाले, "बाबा, मी तीन वर्षं हेच खातोय. तुम्ही आहात तोवर हिला जरा शिकवा. माझं काही ऐकत नाही." इतकं नम्रपणे म्हणाले की मलाच लाज वाटली. चिमी ताटात बघत होती. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी झालीय. विचारलं तर म्हणाली, दारात सापडली होती. कुठल्या दारात ते विचारायचं राहिलं. स्वयंपाकघराला तर दारच नाही, चौकटीला नुसत्या बिजागऱ्या आहेत.

माझ्या सुऱ्या आणायच्या ठरवल्या. जावईबुवा म्हणाले, "किल्ली द्या, उद्या शाळेतून येताना मीच घेऊन येतो."

५ मार्च, गुरुवार

सुऱ्या आल्या! जाड कापडाची गुंडाळी, सात कप्पे, सात सुऱ्या. कारखान्यातून निघताना लोक घड्याळ घेतात, मी या मागून घेतल्या होत्या. भाजीची, पावाची, मासे साफ करायची, मांसाची मोठी, आणि माझी लाडकी हाडावरून मांस काढायची, वीतभर लांब, पातळ, टोकदार. कारखान्यात तिला कोणी हात लावला तर मी त्याच्या पाठीत झारा घालायचो. एकदा भांडीवाल्याने त्या सुरीने डबा उघडला. त्याचा हात धरून तापल्या तव्याजवळ असा नेला की गडी मुतला. परत कधी कोणी हात लावला नाही. स्वयंपाकघर असंच चालतं, गोड बोलून नऊशे माणसं जेवत नाहीत.

चिमी दुकानातून आली, ओट्यावर गुंडाळी उघडी पाहिली आणि दारातच थांबली. चेहरा पांढराफटक.

"कोणी आणल्या?"

"तुझ्या नवऱ्याने."

"त्याने? त्याने स्वतः उचलून आणल्या?"

"मग काय, चालत आल्या? एवढी मोठी झालीस आणि सुरीला घाबरतेस. वस्तादाची पोर शोभतेस का?"

गुंडाळीला वळसा घालून फ्रीजरपाशी गेली. माझ्यासाठी सूप गरम केलं, पाकिटातलंच.

७ मार्च, शनिवार

काल दिवसभर धार लावत बसलो होतो. कागद अधांतरी धरला तर सुरी त्यातून बिनआवाज जाते. आज सकाळी उठून बघतो तर ओटा मोकळा. गुंडाळी गायब.

चिमी दुकानात निघाली होती. खांद्यावरची पिशवी जड दिसली. हिसकावून उघडली तर आत माझ्या सुऱ्या, टॉवेलमध्ये बांधलेल्या! म्हणाली, "दुकानात ठेवते बाबा, कुलपात. तुम्ही घरी जाताना परत देते." मी म्हटलं का? तर म्हणे, "नको आहेत मला घरात. का ते नका विचारू. तुमच्या पाया पडते."

चौतीस वर्षांची माझी हत्यारं, आणि ही चोरासारखी पळवते! बापाची लाज वाटते, दुसरं काय? आचाऱ्याची पोर म्हणवून घ्यायला नको. पित्त खवळलं आणि मी तिच्या कानाखाली काढली.

लिहायचं तर खरं लिहावं. वाईट वाटलं. तिच्या आईवर मी आयुष्यात दोनदाच हात उचलला, आणि चिमीवर ती शाळेत असताना. पण एक विचित्र वाटलं म्हणून नोंदवतो. ती रडली नाही. एक पाऊल मागे सरकून पाठ भिंतीला लावली, हनुवटी छातीत घातली आणि दोन्ही कोपरं पोटाशी आणली. हे इतक्या झटकन केलं की मीच चरकलो. लहानपणी तर एक धपाटा घातला की हात पसरून सगळी गल्ली गोळा करायची.

मग पिशवी ठेवली आणि कामाला गेली. जावईबुवा न्हाणीघराच्या दारात उभे होते, तोंडाला साबण. त्यांनी सगळं पाहिलं असावं. माझ्याजवळ येऊन पाठीवर हात ठेवला.

"बरं केलंत, बाबा. मी काही बोललो की मीच वाईट ठरतो."

समजूतदार माणूस आहे.

८ मार्च, रविवार

आजचा दिवस माझा! खुर्ची ओट्याशी ओढून बसलो आणि सगळं ताजं केलं. कोंबडी स्वतः फोडली. बटाटे सोलले, बोटाएवढे कापले, कढईभर तेलात तळले. कांद्याचं सूप केलं, बारा कांदे, डोळ्यांतून धारा. कढईसुद्धा शेजारच्या बाईकडून मागून आणावी लागली, या घरात आहे ते एक एवढंसं भांडं.

चिमी मदतीला आली नाही. समोरच्या भिंतीला चिकटून उभी होती आणि दर पाच मिनिटांनी एकच, "बाबा, तेल बंद करा. तो आंघोळीहून यायच्या आत बंद करा." मी म्हटलं, तळण झाल्याशिवाय बंद करायला मी काय खुळा आहे? तिच्या उजव्या दंडावर वीतभर लांब डाग आहे, भाजल्याचा, गुळगुळीत चकाकतो. लहानपणी तर नव्हता. तेलाची भीती त्यावरूनच बसली असावी. मी म्हटलं, चटका कोणाला बसत नाही? माझे हात बघ.

जावईबुवा दोनदा वाढून घेऊन जेवले. बोटं चाटली. मग चिमीकडे बघून, अगदी हसत म्हणाले, "बघितलंस? मोडक्या खुब्याने केलंय हे. आणि तू."

पुढे काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं होतंच काय! तासात तीन प्रकार, ताजे. ताजं विरुद्ध पाकीट, हा सामना मी जिंकला.

११ मार्च, बुधवार

संध्याकाळी आतल्या खोलीत धाडकन काहीतरी पडलं. मग पुन्हा. मी हाक मारली तर जावईबुवांचा आवाज आला, "कपाट सरकवतोय बाबा, उठू नका."

थोड्या वेळाने चिमी बाहेर आली. फ्रीजरमधून मटारचं पाकीट काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि गालाला लावून बसली. दाढ दुखतेय म्हणाली. तासाभराने पाकीट परत फ्रीजरमध्ये! मी ओरडलोच. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नसतं, पोटं बिघडतात, हे मी तुला शाळेत असल्यापासून सांगतोय. पाकीट काढून पाहिलं तर आतले दाणे दाणे राहिलेच नव्हते, एकच ढेकूळ झालं होतं. म्हणजे हे कितीदा केलं असेल! ढेकूळ फेकून दिलं.

ती म्हणाली, "बाबा, दुसरं पाकीट नाहीये हो."

"मटारावाचून कोणी मरत नाही," मी म्हटलं.

१४ मार्च, शनिवार

कढई परत द्यायला शेजारी गेलो, काठी टेकत. बाई गाडी चालवायला शिकवते, दारात पिवळी गाडी उभी असते, पाटी लावलेली. चांगली दणकट बाई आहे. कढई घेतली आणि एकदम आवाज बारीक करून म्हणाली, "काका, तुम्ही आहात तोवर जरा कान उघडे ठेवा. भिंत पातळ आहे आमची. मी दोनदा पोलिसांना फोन केला होता. त्यांच्यासमोर तुमच्या मुलीनेच काही नाही म्हणून सांगितलं."

चोंबडी! नवराबायकोत शब्दाला शब्द होतोच. माझ्या तोंडचा पट्टा तर कारखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू जायचा. लोकांच्या भिंतीला कान लावणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. घरी येऊन जावईबुवांना सांगितलं, जरा जपून, शेजारीण तुमच्याबद्दल असं असं बोलते. त्यांनी माझे आभार मानले. म्हणाले, "तिला हे कोणी सांगितलं, ते बघतो."

१६ मार्च, सोमवार

चिमी दुकानात गेली नाही. काल रात्रीपासून ताप आहे म्हणे. आतल्या खोलीचं दार बंद. मी सूप केलं, ताजं. घ्यायला हात बाहेर आला तेव्हा मनगटावर चार बोटं उमटलेली, निळी. मी पाहिलं. तिने बाही ओढली.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. माझं असं होत नाही.

जावईबुवा शाळेतून येताना तिच्यासाठी फुलं घेऊन आले. मी स्वतःला म्हटलं, म्हाताऱ्या, उगाच मनात किडे पाडून घेऊ नकोस.

१८ मार्च, बुधवार

आज चिमी उठली, जेवायला बसली. तिला हसवावं म्हणून कारखान्यातल्या संपाची गोष्ट सांगितली. संपाच्या अकराव्या दिवशी जेवणाच्या रांगेत मारामारी झाली. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर उकळतं सूप ओतलं, कातडं सालीसारखं लोंबलं. तिसऱ्याने माझ्या ओट्यावरची सुरी उचलली आणि मुकादमाच्या मांडीत खुपसली. फरशी नुसती लाल. मी घसरून पडलो त्यात.

"मग दुसऱ्या दिवशी वस्तादाने काय केलं?" मीच विचारलं आणि मीच सांगितलं. "सगळ्या सुऱ्या हलवल्या. चिनी मातीच्या बश्या गेल्या, प्लास्टिकच्या आल्या. तळण बंद, उकळतं काही ओट्यावर ठेवायचं नाही. भाजी बाहेरून कापून यायची. आतल्या खोलीचं दारच उतरवलं, कोणी कोणाला कोंडून मारू नये म्हणून. पुढे संप महिनाभर चालला, पण जेवणघरात कोणाला टाका पडला नाही. मारामाऱ्या झाल्या, नाही असं नाही. पण हाताशी काही नसलं की माणूस किती मारणार?"

जावईबुवांना हसू आवरेना. चिमी हसली नाही, पण जेवण थांबवून माझ्याकडे टक लावून बघत राहिली. गोष्ट आवडली असावी. आल्यापासून पहिल्यांदा तिने माझ्याकडे असं सरळ बघितलं.

१९ मार्च, गुरुवार, दुपार

मी गाढव आहे.

सकाळी पाणी प्यायला गेलो. प्लास्टिकचा पेला हातात घेतला आणि चौकटीवरच्या रिकाम्या बिजागऱ्यांकडे लक्ष गेलं. दार नाही. काच नाही. तेल नाही. कापलेला कांदा. कितीतरी वेळ पेला हातात धरून तसाच उभा राहिलो. काल मी गोष्ट कोणाची सांगत होतो?

करंगळी. दंड. दाढ. मनगट. आणि मी सुऱ्या आणवल्या, त्याच्या हातून. धार लावली. तिने हलवल्या तर तिला मारलं.

सुऱ्या गुंडाळतोय. शेजारच्या बाईकडे ठेवून येतो. चिमी दुकानातून आली की तिला घेऊन माझ्या खोलीवर निघायचं, जिना चढून खुबा मोडला तर मोडला.

२४ मार्च, मंगळवार

डाव्या हाताने लिहितोय, कोंबडीचे पाय उमटतायत. उजव्याच्या चार बोटांच्या शिरा तुटल्या आहेत. शिवल्यात, पण डॉक्टर म्हणाले पकड येणार नाही.

त्या दुपारी मी बगलेत गुंडाळी आणि हातात काठी घेऊन दारापर्यंत पोचलो आणि तो आत आला. परीक्षा होती, शाळा लवकर सुटली. "बाबा, कुठे निघालात?" तोच मऊ आवाज. मी गप्प राहिलो असतो, फिरायला चाललोय म्हटलं असतं, तर पाच मिनिटांत सुऱ्या घराबाहेर असत्या. चिमीने तीन वर्षं तोंड मिटून ते घर सांभाळलं. माझ्याच्याने पाच मिनिटं झाली नाहीत. माझा राग! मी ओरडलो, "हरामखोरा, माझ्या पोरीच्या अंगाला हात लावतोस?" आणि काठी घातली त्याच्या डोक्यात.

काठी कानावर लागली. त्याने हात लावून रक्त पाहिलं आणि मग हसला. काठी हिसकून माझ्या ऑपरेशनच्या जागेवर मारली, नेमकी टाक्यांवर. मी कोसळलो. गुंडाळी सुटली आणि सातही सुऱ्या फरशीवर खणखणत पसरल्या. तो मला लाथा घालत होता, पोटात, बरगड्यांत, आणि प्रत्येक लाथेला एकच वाक्य, शांतपणे, "तिने सांगितलं ना? तिने सांगितलं ना?" मी म्हणत होतो, नाही रे, नाही सांगितलं. खरंच नव्हतं सांगितलं.

तेवढ्यात चिमी दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याच्याकडेही नाही. फरशीकडे पाहिलं. पायाने एक सुरी ओट्याखाली ढकलली, मग दुसरी, मग तिसरी. मारापेक्षा तिला सुऱ्यांची घाई होती. त्याच्या ते लक्षात आलं. तो वाकला आणि हाडावरून मांस काढायची ती पातळ सुरी उचलली.

"ठेव ती," चिमी म्हणाली. "ठेव. हे बघ, मी कुठे जात नाही. ठेव."

त्याने ती तिच्या पोटात घातली. आवाज झाला नाही. मी धार लावली होती. बाहेर काढली आणि पुन्हा घातली, बरगडीखाली. तिसऱ्यांदा हात मागे नेला तेव्हा मी फरशीवरून सरपटत जाऊन पातं मुठीत धरलं. त्याने ओढलं. मी सोडलं नाही. त्याने पुन्हा ओढलं, माझी मूठ आतून उघडत गेल्यासारखी झाली, आणि तरी मी सोडलं नाही. भिंतीपलीकडची बाई लोखंडी जॅक घेऊन आली आणि तिने तो त्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. मग तो शाळेतल्या पोरासारखा रडायला लागला.

बाईने आम्हा दोघांना पिवळ्या गाडीत घातलं. चिमीचं डोकं माझ्या मांडीवर. मी डावा हात तिच्या पोटावर दाबून धरला होता आणि बोटांमधून गरम रक्त येत होतं. बाई सिग्नल तोडत, शिव्या देत चालवत होती.

चिमी जिवंत आहे. प्लीहा काढली, आतडं शिवलं. अजून शुद्ध येते-जाते.

२७ मार्च, शुक्रवार

पोलिसांतली बाई आली होती. तो कोठडीत आहे, हात प्लास्टरमध्ये. तिने विचारलं, "सुरी कोणाची?"

"माझी."

"घरात कधी आली?"

"पाच तारखेला. मी मागवली."

"इतकी धारदार कशी?"

"मी लावली धार. दिवसभर बसून."

तिने लिहून घेतलं. मग पेन थांबवून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला आधी काहीच लक्षात आलं नाही?" मी उत्तर दिलं नाही. तिने तेही लिहिलं असेल.

३० मार्च, सोमवार

आज चिमी बोलली. खाटेजवळ स्टूल ओढून बसलो होतो. आवाज फाटलेला, नाकात नळी. मी म्हटलं, "चिमे, चुकलं माझं." हे वाक्य मी आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा बोललो.

ती छताकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "जेवण ताजं असायचं तेव्हाही मारायचा, बाबा. मीठ कमी, मीठ जास्त, उशीर झाला. दंड भाजला तेव्हा मी तुमच्यासारखेच बटाटे तळत होते. करंगळी दारात धरून मोडली. मग एकेक काढून टाकत गेले. पाकिटं आणायला लागले तर त्यावरूनही मारायचा, आळशी म्हणायचा. पण पाकीट फेकून मारलं तर नुसती सूज येते."

मी त्या पाकिटांचा निकाल लावला होता, चार तारखेला, जेवताना, मोठ्याने.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. रडू फुटलं मला. "एक शब्द, चिमे. एक शब्द बोलली असतीस तर मी त्याच दिवशी येऊन त्याचा गळा धरला असता."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"सांगितलं होतं, बाबा. लग्नानंतर पाचव्या महिन्यात. फोन केला होता तुम्हाला."

"कधी? मला आठवत नाही."

"अकरा नोव्हेंबरला," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

३ एप्रिल, शुक्रवार

शेजारच्या बाईने गाडीने माझ्या खोलीपर्यंत सोडलं. ती वर यायला निघाली होती, मी नको म्हटलं. चार जिने बसत बसत चढलो, पाऊण तास लागला. खुबा आतून पेटला होता. पेटू दे.

पलंगाखालून जुन्या वह्या ओढल्या. त्या वर्षीची सापडली. कडेला हळदीचे डाग, अक्षर उजव्या हाताचं, ठसठशीत. अकरा नोव्हेंबरची नोंद होती. इथे जशीच्या तशी उतरवतो, एक शब्द न बदलता.

"पहिल्या पाळीला सातशे वीस, दुसरीला सहाशे. दुपारी चिमीचा फोन आला, नवरा ताट फेकतो म्हणाली, अंगावर येतो म्हणाली. विचारलं, जेवणात काय होतं? तर गप्प. म्हटलं, ताजं आणि गरम करून घालत जा, कोणाची हिंमत नाही ताट फेकायची. रडत होती, म्हणून फोन ठेवला, उकळी आली होती. आज सूप फार उत्तम झालं. सगळ्यांनी पुन्हा मागून घेतलं."